मेमरी पुरत नाही

आज चहा माझ्याकडून, पण हसायचं ते शेवटी हसा. आमच्या कारखान्यातली चादरींची सगळी डिझाइनं एका जुन्या कॉम्प्युटरात आहेत. तो फार मंद झाला, म्हणून मी डिस्क दुरुस्त करायचा प्रोग्राम लावला. पडद्यावर आलं, मेमरी पुरत नाही. कुणाला विचारायचा माझा स्वभाव नाही. जागा व्हावी म्हणून एकेक डिझाइन कायमचं पुसत गेलो, तरी उत्तर तेच. शेवटी मोराचंही पुसलं. दुसऱ्या दिवशी मागावर तेच चढायचं होतं.

सून बघून म्हणाली, "मामा, मेमरी म्हंजे माग आणि डिस्क म्हंजे गोदाम. माग लहान पडतोय म्हणून तुमी गोदाम रिकामं केलं व्हय?"

चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस मी, खाली बघत विचारलं, "मोर गेलाच का मग?"

"न्हाय. सगळी डिझाइनं माझ्या पेनड्राइव्हवर हायेत की."

"कधी घेतलीस?"

"कॉम्प्युटरातलं मला सगळं कळतं, असं तुमी म्हणालात, त्याच दिवशी."