सातव्या प्लॉटची बाटली

मी, सुकेशनी उकंडराव खिल्लारे, वय ३६ वर्षे, धंदा शेतमजुरी, रा. मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशिम. आज दि. ३/१२/२०२५ रोजी सकाळी ११ वाजता स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, वरील ठिकाणी मी एकटी राहते. वडील दारूने गेले. त्यानंतर आई दुर्गाबाई हिने गावात दारूबंदी समिती काढली. घरात बाटली निघाली की, कोणाचीही असो, बंद तशीच ठाण्यात जमा करायची, हा नियम आईचाच. आई यंदा मे महिन्यात वारली.

दर जानेवारीत आम्ही दोघी नाशिककडे दिंडोरीला द्राक्षतोडणीला जात होतो. वाइनची द्राक्षे ऊन चढायच्या आत तोडतात. धुक्यात पुढची ओळ दिसत नाही. आई दिसत नसे, तिची कात्री ऐकू येई. कात्री थांबली की मी हाक मारायची. "इथंच हाओ वं," असे ती म्हणायची. तिच्या हाताला कच्च्या कैरीचा, ओल्या गवताचा वास लागे. मेडशीला आल्यावरही तो चार दिवस जात नसे.

तिथल्या वाइन कंपनीच्या मॅडमनी सांगितले की ही पांढरी वाइन गोड नसते, जिभेला चरचरीत लागते. आई म्हणाली, "द्राक्षं असून गोड नाही, मंग एवढा खटाटोप कायले करून राह्यले?" मॅडम खूप हसल्या.

दिवाळीनंतर मुकादमाने मॅडमनी दिलेली बाटली आणून दिली. लेबलवर प्लॉट सात, साल २०२५ असे आहे. तो प्लॉट आईने तोडला होता. थंड जागी ठेवा असा निरोप होता, म्हणून मी ती माठाखालच्या ओल्या वाळूत पुरली. रोज वाळूवर पाणी टाकताना कात्री ऐकू येत असे. हे लिहू नका म्हटले तरी हवालदार साहेबांनी लिहिले.

काल समितीच्या सोजरबाई पाणी प्यायला आल्या. त्यांना बाटलीची मान दिसली. "म्या काई पाह्यलं नाही वं बाई," असे म्हणून त्या गेल्या. मला फार लाज वाटली. म्हणून बाटली मीच आणली आहे.

तपासणीसाठी ती उघडावी लागेल, असे साहेब म्हणाले. उघडताना मला बोलवावे, एवढी विनंती आहे. मला प्यायची नाही. एकदा वास घेईन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. बाटलीच्या नोंदीत 'दारू' असा शब्द आहे. हवालदार साहेब माझ्याकडे पाहून तो खोडायला निघाले होते. खोडू नये. आईनेही तोच लिहायला लावला असता.