थंड न झालेलं पाणी आणि आमच्या तपासणीबाई

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या आमच्या तपासणीबाई, कालव-उत्पादक संस्थेचे सभासद, कालवं फोडायच्या शेडमधल्या माझ्या भगिनी, आणि मघापासून जेवणाच्या दाराकडे आशेनं बघत बसलेले सर्व उपस्थित,

संचालक मंडळानं मला बाईंबद्दल दोन गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. गोड शब्द अध्यक्षांनी आधीच संपवले. "बाई म्हणजे संस्थेचा कणा," असं ते म्हणाले. छान वाटलं ऐकून. मग हा कणा निवृत्त होताच तपासणीची जागाच रद्द करायचा ठराव उद्याच्या सभेपुढे कसा काय आला? टाळ्या वाजवू नका, मी अजून सुरूही केलेलं नाही.

पाहुण्यांसाठी आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगतो. विक्रीआधी ओहोटीला आम्ही कालवांच्या टोपल्या पाण्यातून उचलून फळ्यांवर ठेवतो. बाहेर राहून कालवाला शिंपला घट्ट मिटून धरायची सवय लागते आणि ते लांबच्या बाजारापर्यंत टिकतं. माझे वडील हेच करत, आजोबाही हेच करत. पण त्यांच्या वेळी हे असं ऊन होतं का? आता त्या फळ्यांवर शिंपल्याच्या आत जंतूंची पैदास होते. कालव दिसायला तसंच, वासालाही तसंच. कच्चं खाणाऱ्याला कळायचं कसं?

आणि दुसरी पद्धत. थंडीचे महिने आले की आमची कालवांची तपासणी बंद! का, तर पाणी गार आणि जंतू गप्प. ठरवलं कुणी? आम्हीच, फार पूर्वी. पाण्यानं काही आमचं कॅलेंडर वाचलेलं नाही.

गेल्या थंडीत पाणी गार झालंच नाही. बाई तपासणी बंद असतानाही रोज धक्क्यावर जात होत्या. एका सकाळी त्या ओला तापमापक हातात घेऊन थेट संचालकांच्या खोलीत शिरल्या. मी तिथेच होतो.

"पाणी उन्हाळ्याइतकं कोमट आहे. काढणी थांबवा. निदान टोपल्या तरी उन्हात ठेवू नका."

"ऐन मोसमात? बाई, लोक काय म्हणतील?"

"आजारी पडल्यावर जे म्हणतील ते ऐकायची तयारी ठेवा."

त्यावर खोलीत हशा पिकला. हो, हसलात तुम्ही. बाईंना सगळीकडे रोगच दिसतो, असंही कुणीतरी म्हणालं. वरच्या खाडीत कालवंच मरू लागली होती, ते दुखणं वेगळं. पूर्वी थंडी पडली की कालवांना मारणारा परजीवी मरगळायचा, आता त्याला मरगळायला थंडीच उरली नाही. तेही बाईंनी सांगितलं होतं. कानाडोळा केला सगळ्यांनी.

सूत्रसंचालक मला घड्याळ दाखवताहेत. दाखवा.

त्याच आठवड्यात माझ्या वहिनीला कालव फोडताना शिंपल्याची कड लागली. ती बघा, समोरच बसली आहे. वहिनी, मान खाली घालू नकोस, लाजायचं त्यांनी. शेडमध्ये रोज कुणाला तरी लागतंच. सगळ्याजणी करतात तेच तिनं केलं, कालवांच्याच घमेल्यातल्या पाण्यात हात बुडवला आणि पुढचं कालव उचललं. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला. बाईंनी तिला आपल्या गाडीत घातलं आणि जखमेत शिरलेला कोमट पाण्यातला हा जंतू कुठला असणार ते वाटेतच डॉक्टरांना फोनवर सांगितलं. म्हणून जीव वाचला, हात वाचला. दोन बोटं गेली.

संस्थेनं काय म्हणावं? सुरी स्वच्छ नव्हती! अहो, सुरीनं कापलंच नव्हतं तिला. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो अजून उतरलेला नाही.

असो. आता जेवणाकडे वळू. बाहेर बर्फावर कालवं मांडली आहेत, कच्ची, आपल्याच संस्थेची. बाईंनी सोमवारीच कामाची सूत्रं खाली ठेवली, त्यामुळे ती कुणी तपासलेली नाहीत. अध्यक्षसाहेब, पहिलं कालव आपण घ्यावं अशी माझी नम्र विनंती आहे.

का बरं? पाहुणे, आपण? कुणीच नाही?

घाबरू नका. मघाशी भाषणं चालू असताना मी ती सगळी स्वयंपाकघरात उकळत्या पाण्यात टाकायला लावली. टेबलावर आता नुसता बर्फ आहे. बाई, हसू नका, तुमच्याकडूनच शिकलोय.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर वयाकडे बघून पोटात घाला. पण आत्ता ज्या नजरेनं तुम्ही त्या दाराकडे पाहिलंत, ती नजर उद्या ठरावावर हात वर करताना आठवा.

वहिनी, वर ये. बाईंना फुलं तूच द्यायची आहेस.