कंपनीची माफी, मास्तरांचं तोंड

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक, मुख्य कचेरीतून एवढा लांबचा प्रवास करून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, आपले मास्तर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि पाळी संपवून थेट इथे आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

पॅकिंग विभागातल्या बाईला भाषणाला उभं करणं हे धाडसाचं काम आहे. आम्हाला यंत्राच्या वर आवाज काढून बोलायची सवय. तेव्हा आवाज चढला तर तो राग समजू नये. निदान सगळाच राग समजू नये.

अशा प्रसंगी ‘अमुकांनी आपला ठसा उमटवला’ असं म्हणायची पद्धत आहे. मास्तरांच्या बाबतीत ते शब्दशः खरं. इथून बाहेर पडलेल्या साबणाच्या प्रत्येक वडीवरचा ठसा त्यांनी कोरलेल्या साच्यातला. डोळ्याला भिंग लावून ते पितळेवर वाकलेले असायचे. हाक मारली की उत्तर ठरलेलं, “थांब गं, रेघ चाललीय.” चहा गार व्हायचा, रेघ थांबायची नाही.

मग ती लाटांची वडी आली. चित्र मुख्य कचेरीचं. एकाखाली एक लाटा आणि वर एक थेंब. मास्तरांनी ते जसंच्या तसं कोरलं. नवी वडी हातात घेतली तर समुद्रच. पण अर्धी झिजली की लाटांची टोकं पुसायची, रेघा एकमेकींना मिळायच्या, आणि उरायचं ते नेमकं मास्तरांच्या समाजाचं पवित्र चिन्ह. ज्या चिन्हापुढे त्यांच्या घरी रोज सकाळी डोकं टेकतात, तेच. साबण अर्धा झिजवून बघायचं कोणाच्या ध्यानीमनी येणार होतं? इथे नाही आलं, तिथेही नाही.

कोणीतरी न्हाणीघरातल्या वडीचा फोटो काढला आणि तो घरोघर पोचला. आमची श्रद्धा पायाला चोळायला विकता? सकाळी फाटकाबाहेर माणसंच माणसं. त्यांत मास्तरांचे शेजारी होते, सख्खा चुलतभाऊ होता. त्या लोकांचं दुखणं खोटं नव्हतं, हेही इथे सांगायला हवं. मास्तरांनाही ते दुखलंच होतं. ते कोणी विचारलं नाही, एवढंच.

मुख्य कचेरीने आधी पत्रक काढलं, की या लाटा आहेत. दुकानांच्या काचा फुटल्यावर दुसरं काढलं, की खेद आहे. दोन्ही कोणाला पटली नाहीत. तेव्हा तिकडून फोन आला, “त्या समाजाचा कोणी आहे का तुमच्याकडे?”

तेव्हाच्या साहेबांनी मास्तरांना बोलावलं. परत आलेली खोकी कुठे ठेवायची हे विचारायला मी तिथे उभी होते.

“मास्तर, तुमच्या लोकांची माफी मागा. कंपनीच्या वतीने.”

“पण साहेब, चित्र माझं नाही.”

“हात तर तुमचा आहे ना?”

मास्तर आपल्या हाताकडे बघत राहिले.

समाजाच्या सभागृहात कॅमेरे लागले. वहिनींनी इस्त्री करून दिलेला पांढरा शर्ट घालून मास्तर उभे राहिले. लिहून दिलेल्या मजकुरात कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. ते मान खाली घालून म्हणाले, “माझ्या हातून चूक झाली. मला माफ करा.” समाजाचे ज्येष्ठ उठले. म्हणाले, “कंपनीला क्षमा केली. ती परकी, तिला काय कळणार? पण तू तर आमचा. तुला दिसलं नाही?”

दुकानं उघडली. माल सुरू झाला, नव्या चित्राचा. लाटांचे साचे मात्र वितळवले नाहीत. दुसऱ्या देशात तीच वडी चालते, तिथे कोणाचं काही दुखत नाही. ते साचे तेल लावून, कागदात गुंडाळून मास्तरांनीच पाठवले. “एक रेघ केसभर सरकवू का?” असं त्यांनी विचारलं होतं. उत्तर आलं, की चित्राला हात लावायचा नाही.

आपली कंपनी बहुराष्ट्रीय. तिला पुष्कळ देश आहेत. मास्तरांना एकच गल्ली होती.

प्रार्थनेला ते बसले की शेजारची माणसं सरकून बसायची. त्यांची आई गेली तेव्हा गल्लीतली दारं लोटलेली होती. आपल्या बॉयलरच्या मंडळींनी खांदा दिला. वहिनी मला म्हणाल्या, “लोक येत नाहीत त्याचं काही नाही हो. पण हे घरात असून घरी येत नाहीत.” मी त्यांचा हात धरून बसले.

आणि मग ते प्रशिक्षण झालं. ‘वाद कसे हाताळावेत.’ याच हॉलमध्ये, दिवे घालवून. पडद्यावर पांढरा शर्ट आला. खाली घातलेली मान आली. बाहेरून आलेले प्रशिक्षक म्हणाले, “हे यशस्वी उदाहरण. कंपनीच्या सगळ्या देशांत आम्ही हेच दाखवतो.” दिवे लागले. प्रश्न विचारा म्हणाले. मास्तर मागच्या रांगेतून उठले.

“त्या माणसाचं पुढे काय झालं?”

प्रशिक्षकांनी त्यांना ओळखलं नाही. हसून म्हणाले, “ठीकच असेल की. प्रकरण तर मिटलं.”

मास्तर खाली बसले. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला अजून अवकाश होता, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रमुख पाहुण्यांना मी मघाशी विनंती केली, की ती फिल्म आता बंद करा. ते सौजन्याने म्हणाले, तो विभाग वेगळा आहे. तो वेगळा विभाग कुठे बसतो, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

कार्यक्रमपत्रिकेत यानंतर ‘सत्कारमूर्तींचे मनोगत’ आहे. ते होणार नाही. मी फार आग्रह केला. मास्तर म्हणाले, “नको गं. चार लोकांसमोर उभा राहिलो की तोंडात एकच वाक्य येतं.”

शाल, श्रीफळ, फुलं आणणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर जाब मला विचारा, पॅकिंगला येऊन विचारा. मास्तरांकडे कोणी जाऊ नका.