घरात हेल्मेट एकच

नाही, मी काही बोलत नाही. बोलतच नाही मी कधी, हवं तर आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. पण तुम्हीच सांगा, घरात स्कूटर एक, हेल्मेट एक आणि चालवणारी पोरं दोन, तीही जुळी, मग दुसरं काय होणार? माझ्या भावाची पोरं ही, मी त्याच्याच घरात राहते. मुलाला घरात राजे म्हणतात आणि मुलीला चिमणी. ही चिमणी आता दारातून वाकून आत येते, व्हॉलीबॉलच्या टीमची कॅप्टन आहे आणि हसली की खालच्या मजल्यावर ऐकू जातं. हेल्मेटचा नियम असा, की चालवेल तो घालेल, मागचा आपला वाऱ्यावर.

तर मागच्या आठवड्यात राजे तिला प्रॅक्टिसला सोडायला गेले. जाताना चालवत होती चिमणी, म्हणजे हेल्मेट तिच्या डोक्यावर, काळी काच खाली, आणि मागे राजे उघड्या चेहऱ्याने. हे पाहिलं कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांनी. येताना चालवत होते राजे, म्हणजे काचेआड ते, आणि मागे चिमणी, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खो खो हसतेय. हे पाहिलं खालच्या काकूंनी. झालं... आता पुढचं ऐका.

सकाळी औषधवाल्यांनी माझ्या भावाला गाठलं. "काय साहेब, चिरंजीव मोठे झाले की. काल एका मुलीच्या गाडीवर मागे बसून चालले होते. चांगली उंचपुरी आहे हो मुलगी." माझा भाऊ मिशीतल्या मिशीत हसत घरी आला. "अगं, ऐकलंस का, तुझ्या लेकाने दिवे लावले." वहिनी म्हणे, "असू दे हो, वयच आहे त्याचं." बापाने पोराच्या पाठीवर थाप मारली. आता राजेंचं एका वाक्याचं काम होतं की नाही, की बाबा, ती आपली चिमणी होती? पण फुकटची कीर्ती कुणाला नको असते? लाजून भिंतीकडे बघत उभे राहिले. मी काही बोलले नाही.

संध्याकाळी काकू आल्या. त्यांची पद्धत अशी, आधी पाणी मागायचं, मग दार लोटायचं, मग आवाज खाली आणायचा. "मला मेलीला काय करायचंय, पण मुलीची जात हो... कुणा हेल्मेटवाल्याच्या मागे बसली होती तुमची, आणि हसणं तर असं, की रस्ता वळून बघत होता."

घरात आकाशपाताळ एक झालं. कोण तो? कुठला? कधीपासून? चिमणी म्हणाली, "बाबा, राजा होता तो." तर माझा भाऊ काय म्हणाला असेल? "खोटं बोलू नकोस. राजा काल त्याच्या मैत्रिणीबरोबर होता, औषधवाल्यांनी डोळ्यांनी पाहिलंय." घ्या! "अहो, ती मैत्रीण पण मीच होते," असं ती म्हणाली, तर म्हणे, "आता भावालाही ओढ यात." राजेंना विचारलं, तर ते चपलेशी चाळा करत म्हणतात, "मला ना, नीटसं आठवत नाहीये." त्याला शाबासकी, तिला शिक्षा. रविवारची फायनल रद्द, टीमची जर्सी वहिनीच्या कपाटात, किल्ली वहिनीच्या पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी पोरगी जिना उतरली ती मान खाली घालून. हसणं बंद. दुपारी माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आत्या, मी जास्तच मोठ्याने हसते का गं?" सोळा वर्षांची पोर, स्वतःच्या हसण्याला घाबरायला लागली... भडभडून आलं मला, खरं सांगते. राजेंना विचारलं का कुणी, तुम्ही केवढ्याने हसता म्हणून? पण मी काही बोलले नाही. फक्त माझा एकदाही न घातलेला निळा ड्रेस काढून तिच्या पलंगावर ठेवला. ड्रेस ठेवायला काही बंदी आहे का?

शनिवारी जेवताना भाऊ राजेंना म्हणाला, "अरे, घेऊन ये तिला एकदा घरी. आम्ही काय जुन्या वळणाचे आहोत?" राजेंना ठसका लागला, तो पाणी पिऊनही थांबेना. आणि संध्याकाळी बेल वाजली. दारात निळ्या ड्रेसमधली उंच मुलगी, डोक्यावर हेल्मेट, काळी काच खाली.

काय ती धावपळ! वहिनीने पाहुण्यांचे कप काढले, भावाने शर्ट बदलला, राजे सोफ्यामागे पांढरेफटक. "ये बाळा, बस. लाजतेय बिचारी... अगोबाई, हेल्मेट अगदी आपल्यासारखंच आहे हो!" भाऊ म्हणाला, "आवडी जुळतात त्यांच्या." मग जरा पुढे सरकून विचारतो, "खेळतेस का काही?" हेल्मेट हललं. "वा! मुलींनी खेळायलाच हवं. आणि कोण काय म्हणतं त्याची पर्वा करायची नाही. आम्ही या मताचे आहोत बरं का."

तेव्हा तिने हेल्मेट काढलं. "थँक्यू बाबा," म्हणाली. "मग जर्सी देता ना?"

 वहिनीने पर्समधून किल्ली काढली. राजेंनी तोंडातल्या तोंडात माफी मागितली, ती चिमणीने मोठ्याने म्हणायला लावली. रविवारी फायनल झाली. हरल्या, तो भाग वेगळा, पण शेवटच्या बॉलवर ही अशी काही हसली, की शेवटच्या बाकावर बसलेली मी दचकले.

म्हटलं, चला, घर शहाणं झालं. कसलं काय... सोमवारी भावाने दुसरं हेल्मेट आणलं, राजेंसाठी. त्याच्या मागे ठळक अक्षरांत लिहून घेतलंय, 'मी हिचा भाऊ'. म्हणे, आता गैरसमज नको. मी म्हटलं, "अरे, पण उद्या ती वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या मागे बसून आली तर?"

त्यावर वहिनी म्हणते, "मग त्यालाही हेच घालायला देऊ."

मी काही बोलले नाही.