मोर्च्याचे बूट

बूट दुरुस्त करणारा कारागीर ओठांत खिळे धरून टाच ठोकत होता. बाकावर शुद्ध राष्ट्र सेनेचा तुकडीप्रमुख आणि त्याचा धाकटा मेहुणा, दोघेही काळ्या गणवेशात, आपापले बूट मांडीवर घेऊन बसले होते.

"दाजी, समुद्रापलीकडच्या वसाहती आपण का सोडायच्या? जिंकल्यात ना?"

"अरे, राज्य करायचं म्हणजे रोज परक्यांशी बोलणं आलं. मला शेजाऱ्यांशी बोलवत नाही."

"हे पटलं."

"म्हणून उद्याचा मोर्चा. तिकडची एकही वस्तू अंगावर नको. बुटांचे तळ रबराचे आहेत, ते काढून घेऊ."

"आणि वरचं चामडं?"

"तिकडचंच असेल का रे?"

"तिकडचंच."

"मग मोज्यांवर चालू."

"पण दाजी, पाय आपटल्याचा आवाज कसा येणार? लोकांना धाक कसा वाटणार?"

"तोंडाने काढायचा. धप्, धप्. बघ, जमतं."

बाकाच्या टोकाला आपल्या चपलांची वाट पाहत बसलेल्या एक बाई पिशवी घेऊन जरा पलीकडे सरकल्या.

"दोनशे माणसं तोंडाने धप् धप् करणार?"

"शिस्तीत करणार."

कारागिराने ओठांतले खिळे तळहातावर काढले.

"साहेब, मधे बोलतो, राग मानू नका. मोजे सुती आहेत ना? तो कापूस कुठून येतो?"

दोघांनी आधी आपल्या मोज्यांकडे पाहिलं. मग हळूहळू नजर वर चढत विजारीवर आली, सदऱ्यावर आली.

"दाजी," मेहुणा खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या थंडी आहे म्हणतात."