भाट्याच्या पुलावरचा पुरावा

तुम्ही मला चिडका म्हणता ना, मग हे ऐकाच. इंटरनेटवर आम्ही काही हौशी मंडळी गावोगावची माहिती फुकटात लिहितो. छापील आधार नसेल तर कुणीही कुणाचंही लिहिलेलं खोडू शकतो, असा तिथला नियम. आमच्या गावाबद्दल, भाट्याबद्दल मी लिहिलं, 'संध्याकाळी इथल्या खाडीचं पाणी सोन्याचं होतं.' पुण्याच्या कुणा गृहस्थाने तासाभरात ते उडवलंन. खाली दोनच शब्द, 'पुरावा द्या.' ना नमस्कार, ना कृपया! मीही तडकून लिहिलं, 'हवा असेल तर पुलावर येऊन बघा!'

आणि ते खरंच आले की हो! किडकिडीत, लाजाळू माणूस. समोर आल्यावर तोंडातून शब्द फुटेना. आम्ही पुलावर उभे राहिलो. सूर्य कलला तशा होड्या, माडांच्या सावल्या, त्यांचा चष्मा, सगळंच सोनेरी होऊन तरंगायला लागलं. मग त्यांनी हळूच डोळे पुसले आणि मोबाईल काढला. म्हटलं, चला, माझं वाक्य परत घालतायत.

तर माझाच फोन वाजला. शेजारी उभं राहून त्यांनी मलाच लिहिलं होतं, 'नमस्कार. पाहिलं. अगदी खरं आहे. पण आपण दोघांनी पाहिलं, हा पुरावा होत नाही. कृपया पुन्हा लिहू नये.'