खारट अंडी

नानजिंगच्या इस्पितळात मी बाळाला मांडीवर निजवून नंबराची वाट पाहत होते. शेजारी शूछिन बसली होती, टीव्हीवर पाहिलेली तलवारबाजीतली विजेती. सोबत तिचे खेड्याहून आलेले वडील होते.

“खा गं. चहात उकडलेली अंडी आणलीत.”

“खारट झालीत, बाबा. ही आईनं केलेली नाहीत.”

“मीच केली. तलवार धरणं सोपं असेल याच्यापेक्षा!”

“आणि आई?”

“तिला जरा सर्दी झालीय.”

“म्हणून महिनाभर फोनवर येत नाही?”

“घसा बसलाय. तू उद्याच्या ऑपरेशनचं बघ. गुडघा नीट व्हायला हवा.”

“आजीलाही सर्दीच झाली होती.”

“जुनं कशाला उकरतेस?”

“फायनल जिंकून पदक दाखवायला घरी आले, तेव्हा कळलं, आजी कधीचीच गेली. सगळं गाव गप्प होतं.”

“प्रशिक्षकच म्हणाले होते, पोरीचं मन ढळेल, स्पर्धेआधी काही सांगू नका. तुझ्याबरोबरच्या पोरींचे आईबापही असंच करायचे.”

“लहानपणीच मला क्रीडाशाळेत सोडलंत. तेव्हापासून घरातलं सगळं मला शेवटी कळतं.”

“तुझ्या भल्यासाठीच ना, पोरी?”

“आता मी खेळत नाही, बाबा. एकही स्पर्धा उरलेली नाही. सांगा, आई कशी आहे?”

ते बाकावर सांडलेली टरफलं एकेक करून वेचत राहिले.

“आधी तुझं ऑपरेशन होऊ दे.”